दिवाळीची पोस्त, हॉटेलातली टिप आणि हक्काचे पैसे

मुगभाटकर · ४ ऑक्टोबर

मंडळी, दसऱ्याच्या साफसफाईत आईच्या माळ्यावर आजीची जमाखर्चाची वही सापडली. लाल कापडी पाठीची, कोपरे कसरीने खाल्लेले. त्यात १९६८ च्या दिवाळीचं एक पान आहे. वर 'श्री', त्याखाली 'पोस्त', म्हणजे दिवाळीला कामाच्या माणसांना द्यायची खुशाली, आणि मग यादी:

टपालवाला – २ रु.
पेपरवाला – ०.५०
गुरखा – १ रु.
झाडूवाला – १ रु. व फराळ
धोबी – १ रु.
दूधवाला – १.५०
भांडीवाली – १२ रु. (एक पगार) व लुगडं
एकूण १९ रु. लुगडं वेगळं.

आजोबा कारकून होते, पगार तीनशेच्या आत, गिरगावात दोन खोल्यांत आठ माणसं. त्या हिशोबात १९ रुपये म्हणजे चेष्टा नव्हती. आजीने त्याच महिन्यात स्वतःसाठी काहीच घेतलेलं दिसत नाही, मी पुढची-मागची पानं बघितली.

मला विचारायचंय ते असं. तुमच्याकडे पोस्त कुणाकुणाला द्यायचे आणि ते कधी बंद झालं? आणि हॉटेलात टिप ठेवायची रीत आपल्याकडे पोस्तीतूनच आली की साहेबाकडून?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोस्त मायेची होती असं आपण म्हणतो आणि आजीच्या बाबतीत ती होतीही. पण महिन्याचे १२ रुपये पुरेसे असते तर भांडीवालीला दिवाळीची वाट बघत बसावी लागली नसती. आणखी एक गोष्ट डाचते. या यादीत एकाचंही नाव नाही. सगळी कामं आहेत, माणसं नाहीत.

प्राजक्ता_के · ४ ऑक्टोबर

'पोस्त' हा शब्द किती वर्षांनी वाचला! आमच्या सोसायटीत आता ग्रुपवर मेसेज येतो, 'प्रत्येक फ्लॅट ५००, शुक्रवारपर्यंत जीपे करा.' मग सचिव पाकिटं वाटतात. वॉचमनच्या हातात आपल्या हाताने द्यायचं राहूनच जातं. मी वेगळं देते.

शब्दखेळ · ४ ऑक्टोबर

आपल्या भाषेत या एका गोष्टीला किती शब्द आहेत बघा. पोस्त, बक्षिसी, खुशाली, बिदागी, ओवाळणी, दक्षिणा, शिरपाव, इनाम, दौलतजादा, चिरीमिरी, चहापाणी. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. गवयाला बिदागी, भटजींना दक्षिणा, बहिणीला ओवाळणी, फडावर नाचणारीला दौलतजादा. गवयाला कुणी 'टिप' दिली तर तो तंबोरा उचलून चालू लागेल.

'बक्षीस' फारसीतून आलं. 'बख्शीदन' म्हणजे देणे, आणि माफ करणेसुद्धा. 'बख्श दो' मधला बख्श तोच. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली हे त्या शब्दातच आहे. शिरपाव म्हणजे 'सर-ओ-पा', डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. राजाने दिला की सरदार मिरवायचा. तीच देण्याची क्रिया, पण घेणाऱ्याची मान वर. मुगभाटकरांच्या आजीने लुगडं दिलं, ते मला या दोन्हींच्या मधलं वाटतं.

विहीरकाठ · ४ ऑक्टोबर

टिप या शब्दाबद्दल ऐकलंय की ते 'लवकर सेवा मिळावी म्हणून' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं आहेत. विलायतेतल्या कॉफीगृहांत डब्यावर तसं लिहिलेलं असायचं म्हणे.

शब्दखेळ · ५ ऑक्टोबर

@विहीरकाठ, ही गोष्ट सगळीकडे फिरते पण खरी नाही. आद्याक्षरांचे असे शब्द करायची पद्धत फार अलीकडची, विसाव्या शतकातली. 'टिप' त्याच्या कितीतरी आधीचा, सतराव्या शतकातल्या चोरांच्या बोलीत 'सरकवणे, हातात देणे' या अर्थाने होता. हातावर टेकवणे, अगदी आपला वाक्प्रचार.

बाकी युरोपभर हे पैसे 'प्यायचे' आहेत. फ्रेंच 'पूरब्वार' म्हणजे पिण्यासाठी, जर्मन 'ट्रिंकगेल्ड' म्हणजे पिण्याचे पैसे, पोर्तुगीज 'गोर्जेता' हा शब्द घशावरून. रशियन मात्र आपल्या जवळचे. त्यांच्याकडे टिप म्हणजे 'चहासाठी'. आपलं चहापाणीच! फक्त आपल्याकडे चहापाणी कचेरीत गेलं आणि नासलं.

कुडाळचो · ५ ऑक्टोबर

मी टिप घेतलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

१९८३ ला दहावी नापास होऊन मुंबईत आलो. फोर्टमधल्या एका उडपी हॉटेलात लागलो. आधी सहा महिने फडकं मारायचं काम, मग बाहेरवाला, म्हणजे आसपासच्या कचेऱ्यांत चहा नेऊन देणारा, आणि मग वेटर. जेवण हॉटेलात, झोपायचं हॉटेलातच, टेबलं जोडून. पगार ९० रुपये. त्यातून शेठ उचल कापून घ्यायचा, फुटलेल्या कपाचे पैसे कापायचा, हातात ६०-६५ पडायचे.

बिल स्टीलच्या बशीत द्यायचो, वर बडीशेप. गिऱ्हाईक उठलं की बशी उचलायची. नाणी बडीशेपेच्या खाली गेलेली असायची. बोटांनी चाचपडून कळायचं किती आहे. दहा पैशांचं नाणं कडेला लाटालाटांचं, चार आण्याचं गोल आणि बारीक. अजून माझ्या बोटांना आठवतं. बघायचं नाही, बघितलं तर गिऱ्हाईकाला वाटेल हा मोजतोय. रात्री शटर ओढलं की वनस्पती तुपाच्या डब्यात जमलेली नाणी फरशीवर ओतायची आणि वाटणी. आम्हा वेटरना पुरा हिस्सा, फडकेवाल्या पोरांना अर्धा. मोरीवर भांडी घासणाऱ्याला काही नाही, भट्टीवरच्यालाही नाही. ते गिऱ्हाईकाला दिसायचे नाहीत ना.

मुगभाटकर, तुमचं म्हणणं पटलं, पण एक सांगतो. ते टिपेचे पैसे मुंबईतली माझी पहिली अशी कमाई होती की ज्याचा हिशोब शेठकडे नव्हता. पगाराची मनीऑर्डर घरी जायची. टिपेतून मी रात्रशाळेची फी भरली, वह्या घेतल्या. दहावी झालो. आवस, म्हणजे आई, पत्रात लिहून घ्यायची, 'झिला, पयला पोटभर खा, पैशे मगे धाड.' म्हणून टिप वाईट असं माझ्या तोंडून निघणार नाही. पगार वाईट होता.

मुगभाटकर · ५ ऑक्टोबर

@कुडाळचो, मोरीवाल्याचं वाचून थांबलो. ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. टिप दिसणाऱ्यालाच मिळते.

सावनी · ६ ऑक्टोबर

न्यू जर्सीहून लिहिते. इथे टिप हा मायेचा किंवा खुशीचा विषय उरलेलाच नाही, तो पगाराचा विषय आहे. आणि त्यामागचा इतिहास कळल्यापासून मला बिलावर सही करताना दर वेळी तो आठवतो.

अमेरिकेत यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली आणि लाखो कृष्णवर्णीय माणसं मोकळी झाली. हातात जमीन नाही, पैसा नाही. पुलमन कंपनीने आपल्या शयनयान रेल्वेडब्यांसाठी हीच माणसं पोर्टर म्हणून घेतली. अंथरुणं घालायची, बूट चमकवायचे, सामान उचलायचं, रात्रभर जागं राहायचं. पगार अगदी थोडा, बाकी प्रवासी देतील ते. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणायचे, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारायची जुनी रीत तशीच चालू. मुगभाटकर, तुमच्या यादीत नावं नाहीत हे वाचून मला हे आठवलं.

महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरले की पगार. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारपणाखाली या पोर्टरांनी संघटना काढली. कंपनीने माणसं काढून टाकली, फितवली, पण बारा वर्षांनी, १९३७ ला, करार करावाच लागला. तास २४० वर आले, पगार वाढला.

टिपविरुद्ध कायदेही झाले होते. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली बंदी घातली, मागून आणखी काही राज्यांनी. १९२६ पर्यंत सगळे कायदे गेले. मग १९३८ ला किमान वेतन आलं, पण हॉटेलवाले त्यात नव्हतेच. १९६६ ला आले ते असे, की टिप धरून किमान वेतन भरत असेल तर मालकाने स्वतः कमी दिलं तरी चालेल. आज केंद्राच्या कायद्याने मालकाने स्वतः द्यायचे किमान पैसे तासाला २.१३ डॉलर. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सवलत नाही, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

म्हणून भारतातून फिरायला येणाऱ्या नातेवाइकांना मी हात जोडून सांगते, इथे टिप कमी ठेवू नका. 'जेवण काही खास नव्हतं' हा राग वाढणाऱ्या मुलीवर काढू नका.

दिनूभाऊ · ६ ऑक्टोबर

सावनीताई, तरी वीस टक्के म्हणजे फार होतं हो. आम्ही मुलीकडे गेलो होतो तेव्हा काउंटरवर कॉफी घेतली, बाईंनी नुसता कप पुढे सरकवला आणि स्क्रीन फिरवून दाखवली, १८-२०-२५. सौभाग्यवती म्हणाल्या, वाढलंय कुणी इथे?

सावनी · ६ ऑक्टोबर

दिनूभाऊ, काउंटरवर मीही देत नाही दर वेळी. बसून जेवलो तर मात्र नक्की.

रानवाटा · ७ ऑक्टोबर

सातारा जिल्ह्यातल्या गावचा आहे मी. आमच्याकडे पोस्त नव्हती, बलुतं होतं. सुगी झाली की खळ्यावर जायचं, सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, चांभार, मातंग, महार, सगळ्यांनी. वर्षभराच्या कामाचं धान्य तिथे मिळायचं. इतिहासाच्या पुस्तकात हे 'स्वयंपूर्ण गावगाडा' म्हणून येतं.

माझे पणजोबा महारकीचं काम करायचे. गावाचा सांगावा न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यामागे धावायचं. रात्र नाही, दिवस नाही. त्याबदल्यात खळ्यावरचं बलुतं, थोडी वतनी जमीन आणि दारोदार फिरून मागितलेली भाकर. सणाला गोडाधोडाचं उरलेलं. आजोबांनी लहानपणी ती भाकरीची पाटी वाहिली आहे. आम्ही शाळेत 'गावकऱ्यांचा जिव्हाळा' वगैरे वाचायला लागलो की ते उठून बाहेर जायचे.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत सांगितलं की उष्टे तुकडे घेणं सोडा. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं, हे कमी जणांना आठवतं. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कामाचे पैसे ठरवून, रोख मिळावेत, सणाची भाकर नको, हा त्याचा गाभा. ते तेव्हा पार पडलं नाही. कनिष्ठ गाव वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने.

म्हणून मुगभाटकर, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं डाचणं मला कळतं. आमच्या घरात दिवाळीला कुणाकडून काही घेत नाहीत. आजही. कामवाल्या मावशींना आई जे देते ते पाकिटात, पगाराबरोबर, 'हा तुमचा बोनस' असं म्हणून.

विहीरकाठ · ७ ऑक्टोबर

@रानवाटा, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहेच. एवढंच मांडतो की बलुतं ही टिप नव्हे. तो हक्क होता, गावच्या कागदपत्रांत नोंदलेला. बलुतेदार त्यासाठी पंचांसमोर भांडायचे, अशी किती निवाडपत्रं पेशवाईतली छापलेली आहेत.

रानवाटा · ७ ऑक्टोबर

खरं आहे, कागदावर हक्क होता. सुतार-लोहारांचे वाद पंचांपुढे गेले हेही खरं. पण माप कुणाच्या हातात होतं? खळ्यावर धान्य मोजणारा पाटील किंवा कुणबी. सुपं भरून द्यायची की हात आखडायचा ते तो ठरवणार. आणि महारा-मांगाने जास्त मागितलं तर पुढच्या वर्षी गावात राहणं कठीण. ज्याचं माप समोरच्याच्या मर्जीवर, त्याला मी हक्क म्हणायला कचरतो.

भोंगा_सातचा · ७ ऑक्टोबर

इथे गिरणगावाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण बक्षिसाचा हक्क कसा झाला हे परळ-लालबागने पाहिलंय.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना प्रचंड नफा झाला. महागाई भडकली. १९१७ पासून मालकांनी पगारावर जास्तीचे पैसे द्यायला सुरुवात केली, त्यालाच कामगार बोनस म्हणू लागले. १९२३ मध्ये धंदा मंदावला तेव्हा मालकांनी पाटी लावली, या वर्षी बोनस नाही. जानेवारी १९२४ मध्ये गिरण्या थांबल्या. संप मार्चपर्यंत चालला. सरकारने मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. समितीचा निर्णय असा, की बोनसवर कामगारांचा कायद्याने बजावता येईल असा कोणताही हक्क नाही. म्हणजे आम्ही दिलं ते खुशीने दिलं, नाही दिलं तर मागू नका.

उपाशी पोटी दोन महिन्यांहून जास्त काढून माणसं कामावर परतली. पण तो विषय मेला नाही. १९५० ला अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस काढायचं सूत्र ठरवलं, तेही मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात. मग बोनस आयोग, आणि १९६५ चा बोनस कायदा. आज किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. ८.३३ म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. मुगभाटकर, तुमच्या आजीच्या वहीतलं 'एक पगार' बघा! गिरणी कामगाराला जे मिळवायला चाळीस वर्षं लागली ते आजी भांडीवालीला आपणहून देत होती. पण तिने नाही दिलं असतं तर त्या बाईला जायला जागा नव्हती.

माझे वडील विव्हिंग खात्यात होते. बोनस झाला की परळच्या नाक्यावरून चार चपलांचे जोड घेऊन यायचे, आमच्या पायांची मापं सुतळीने घेतलेली असायची.

प्राजक्ता_के · ८ ऑक्टोबर

बापरे, सुतळी! आमच्या वडिलांनी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने गिरवून नेलं होतं.

आणि घरकामगारांचं म्हणाल तर पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. त्यातून पुण्यात मोलकरणींची संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी आणि दिवाळीचा एक महिन्याचा बोनस, या गोष्टी पुण्यात आज बऱ्याच घरांत 'रीत' म्हणून पाळतात, पण ती रीत त्या बायकांनी पाडली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही आला.

ठाणे_टोकियो · ८ ऑक्टोबर

जपानबद्दल दोन ओळी. इथे टिप ठेवलीत तर वेटर पैसे घेऊन तुमच्यामागे रस्त्यावर धावत येईल, 'विसरलात' म्हणून. माझ्याबरोबर झालंय. पण जुन्या पद्धतीच्या सरायांत 'कोकोरोझुके' असतं. खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना पाकिटात पैसे. ते मुक्कामाच्या सुरुवातीला द्यायचे आणि नोट उघडी कधीच द्यायची नाही, कागदात गुंडाळूनच. आपल्या आहेराच्या पाकिटासारखं.

पारिचारिका · ९ ऑक्टोबर

जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं काढली. तिथली टिप कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. त्याला 'पेढ्याचे पैसे' म्हणतात.

बाळ झालं की मावशी पुसून, कपड्यात गुंडाळून बाहेर आणते. नातेवाईक दारात. पूर्वी मावशी बाळ हातात देण्याआधी जरा थांबायची. मुलगा असेल तर आवाज मोठा, 'मुलगा झाला, पाचशे काढा.' मुलगी असेल तर आवाज बारीक आणि आकडाही. मला त्या आवाजातल्या फरकाचा सगळ्यात जास्त राग यायचा.

एकदा एका म्हाताऱ्या आज्जीने पदराची गाठ सोडली. त्यात दहाच्या तीन नोटा आणि एसटीचं परतीचं भाडं वेगळ्या चिंध्यात. तिला नात झाली होती. तिने भाड्याची चिंधीच पुढे केली. मी मावशीवर ओरडले, सगळ्यांसमोर. बाळ स्वतः उचलून आज्जीच्या मांडीवर दिलं.

रात्री मावशी ड्युटीरूममध्ये आली. म्हणाली, सिस्टर, ठेकेदाराने चार महिने पगार दिला नाही, तुमच्या कुणाच्या लक्षात आलं का? नव्हतं आलं. ती कंत्राटी आहे हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं, सात वर्षं एका वॉर्डात काम करून. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या सिस्टर मिळून अधीक्षकांकडे गेलो. पगार निघायला आणखी दीड महिना गेला.

पैसे मागणं चूकच होतं, आजही तेच म्हणेन. आज्जीचं भाडं मागणं तर फारच. पण त्या दिवसानंतर मी मावशीवर ओरडण्याआधी ठेकेदाराच्या वहीची चौकशी करू लागले.

दिनूभाऊ · ९ ऑक्टोबर

सिस्टर, नमस्कार तुम्हाला. आमच्या थोरलीच्या वेळी मी पेढ्यांचे पैसे दिले होते आणि मुलगी झाली म्हणून मुद्दाम जास्त दिले होते. मावशी माझ्याकडे बघतच राहिली.

सह्याद्रीचा_पाऊस · १० ऑक्टोबर

जरा आजच्या गोष्टीकडे येऊ. हॉटेलच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावतात तो कामगारांपर्यंत पोचतो का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये नियम केला की तो आपोआप लावायचा नाही. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये नियम योग्य ठरवला. तरी काही ठिकाणी लावतातच. मी काढायला सांगतो आणि तेवढेच रोख वेटरच्या हातात देतो.

दुसरं, टॅक्सीच्या अॅपमध्ये 'आगाऊ टिप'. गाडी यायच्या आधी टिप द्या म्हणजे लवकर मिळेल. ती टिप कसली, तो लिलाव! पावसात रात्री साडेदहाला ठाणे स्टेशनबाहेर आई पायाला प्लास्टर घेऊन उभी, आणि स्क्रीनवर ३०, ५०, ७०. याच प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये त्याबद्दल नोटीस काढली होती.

कुडाळचो · १० ऑक्टोबर

मी आता एका छोट्या खानावळीचा मालक आहे, मागच्या पोस्टमध्ये सांगायचं राहिलं. क्यूआर कोड आल्यापासून टिप जवळजवळ संपली. पूर्वी १८८ चं बिल झालं की माणूस दोनशे ठेवून उठायचा. आता १८८ म्हणजे १८८. गिऱ्हाईक कंजूस झालं असं नाही, सुट्टे उरतच नाहीत.

मग मी काय केलं ते सांगतो. काउंटरवर दुसरा क्यूआर लावला, कामगारांच्या नावाच्या वेगळ्या खात्याचा. महिन्याला जे जमतं ते सात जणांत सारखं. वाढणारी दोन मुलं कुरकुरली, आम्ही गिऱ्हाईकाशी बोलतो, तो आत भांडी घासतो, त्याला सारखं का? मी म्हटलं, ताट तो घासतो म्हणून तुम्ही वाढता. महिन्याला माणशी सातशे-आठशे पडतात. पगार त्यात धरत नाही मी. पगार वेगळा, तो माझ्या खिशातून.

शब्दखेळ · १० ऑक्टोबर

वा! इंग्लंडात २०२३ साली याचसाठी कायदा करावा लागला. टिपेचा सगळा पैसा कामगारांनाच आणि न्याय्य वाटणीने द्यायचा, मालकाने ठेवायचा नाही. ऑक्टोबर २०२४ पासून लागू. तुम्ही कायद्याशिवाय केलंत.

प्राजक्ता_के · ११ ऑक्टोबर

कालच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा धागा वाचून दाखवला, म्हणजे पारिचारिकाताईंची पोस्ट आणि कुडाळचो यांची. आमचे वॉचमन एजन्सीचे आहेत. सचिवांना विचारलं, आपण एजन्सीला माणशी किती देतो आणि त्यांच्या हातात किती पडतात? कुणालाच माहीत नव्हतं. आता एजन्सीला पत्र जातंय, पगाराच्या पावत्यांच्या प्रती मागणारं. दिवाळीचे ५०० आहेतच.

मुगभाटकर · १३ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण काल वही घेऊन आईकडे बसलो होतो. आई आता ७९ वर्षांची आहे. १९६८ साली ती घरात नवी सून होती.

पोस्त कधी बंद झाली? आई म्हणाली, बंद झाली नाही, एकेक माणूस गेला. झाडूवाल्याचं काम महापालिकेच्या गाडीकडे गेलं. धोबी गावी गेला, परत आला नाही. टपालवाला आता वर्षातून चारदा येतो आणि दर वेळी वेगळा असतो. पेपर बंद केला. मिक्सर, वॉशिंग मशीन आलं. द्यायला कुणी उरलं नाही. साहेबाकडून काय आलं आणि आपलं काय होतं हे तिला विचारलं तर म्हणाली, साहेबाचं मला माहीत नाही, आमच्याकडे पाडव्याच्या सकाळी बेल वाजायची आणि सासूबाई कपाटातून डबा काढायच्या.

मग मी भांडीवालीचं नाव विचारलं. आईने क्षणभरही विचार केला नाही, नाव, आडनाव, गाव सगळं सांगितलं. राजापूरकडची. इथे लिहीत नाही, तिच्या माणसांना विचारल्याशिवाय ते बरं नव्हे. लुगडं अंजिरी रंगाचं होतं, हेही आईला आठवत होतं, कारण ते आणायला ती आणि आजी दोघी गेल्या होत्या. आणि आई म्हणाली, 'ती मे महिन्यात गावाहून आली की आमसुलं आणि कुळथाचं पीठ आणायची, पिशवीभर. सासूबाई पैसे द्यायला गेल्या तर घ्यायची नाही. ते लिहिलंय का बघ वहीत.'

मी सगळी पानं चाळली. १९६८ मेची, ६९ ची, ७० ची. आमसुलं कुठेच नाहीत.

'भांडीवाली – १२ रु.' च्या शेजारी मी पेनने तिचं नाव लिहिलं. बाकीच्या सहांचं आईला आठवलं तसं उरलेल्या ओळींत, दोघांची नाही आठवली. तिची नात परळला असते असं आईला वाटतं, रविवारी जाऊन बघणार आहे.

कुडाळचो · १३ ऑक्टोबर

राजापूरचे असतील तर माझ्या ओळखीचे दोघे-तिघे आहेत तिकडे. आडनाव आणि वाडी व्यनि (खासगी निरोप) करा, फोन करून बघतो.